यशोचं पहिलं पाणी

आमच्या नरेशला पहिली मुलगी झाली, त्या सालची गोष्ट. सून प्रणिता बाळंतपणाला बडनेऱ्याला माहेरी गेली होती, ती दसरा झाल्यावर परत आली. मुलगी तेव्हा सहा महिन्यांची झाली होती. काळीपिवळी जीप आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबली. आधी प्रणिता उतरली, कडेवर माझी नात यशो. मग प्रणिताचे वडील हरिदासजी. मग एक भलं मोठं पुठ्ठ्याचं खोकं निघालं, आणि खोक्यामागून पाण्याने भरलेल्या निळ्या कॅन.

नरेश खोकं उचलायला धावला. मालक विहिरीजवळ उभे होते, ते तिथूनच पाहत राहिले. आमचे मालक म्हणजे कवडूजी, नरेशचे बाबा. त्यांची मान वळत नसे. कुणीकडे पाहायचं तर बैलगाडी वळवावी तसं सगळं अंग वळवावं लागे. पाठही ताठ झाली होती. खाली बसले तर उठायला भिंत लागायची. जन्मभर ओझं वाहिलं त्याचं आहे, असं ते म्हणत, आणि आम्हीही तसंच समजत होतो.

"कॅन कायले आनल्या व्याही?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरी पानी नाही का?"

हरिदासजी रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले. बोलायला मऊ माणूस. ते म्हणाले, "जयभीम कवडूजी. पहिले बसू तं द्या."

आमच्या घरी पाहुण्याला पाणी मालक स्वतः देत. घरात भरलेलं चालायचं नाही. विहिरीतून ताजं ओढायचं, गडव्यात घ्यायचं, सोबत गुळाचा खडा, आणि पाहुणा पिऊन होईपर्यंत समोर उभं राहायचं. पाठ गेल्यावरही त्यांनी हे सोडलं नव्हतं. ताठ उभं राहून, नुसत्या हातांनी ते दोर ओढायचे. कप्पी कुरकुरायची. पाहुणे आले हे सगळ्या मोहल्ल्याला त्या आवाजानेच कळायचं.

त्यांनी गडवा हरिदासजींपुढे धरला. प्रणिता बापाकडे पाहत होती. हरिदासजींनी गडवा दोन्ही हातांनी घेतला आणि सावकाश सगळं पाणी प्यायले. मिशी पुसली.

"गोड आहे," ते म्हणाले.

मालकांनी गडवा पुन्हा भरला आणि सुनेपुढे धरला.

"मी जीपमध्येच प्याले, मामाजी," प्रणिता म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात बाटली होती.

मालक तसेच उभे राहिले. मग त्यांनी ते पाणी कण्हेरीच्या बुंध्याशी ओतलं आणि गडवा कठड्यावर उपडा ठेवला.

विहिरीचा तो कठडा समोरच्या बाजूने चुन्याने पांढरा होता, बाकी सगळा मळका. त्याचं कारण असं, की प्रणिता माहेरी असताना पाणी तपासणारे लोक गावात आले होते. बाटल्या भरून नेल्या. नंतर परत आले आणि आमच्या कठड्यावर लाल रंगाने मोठी फुली मारून खाली काही अक्षरं लिहून गेले. मी तेव्हा कापूस वेचायला गेले होते. घरी आले तोवर मालकांनी त्यावर चुना फासला होता. ते लोक पुन्हा आले, पुन्हा लाल रंग लावून गेले. त्या वेळी मी अक्षरं लावून वाचायला लागले, तर मालक म्हणाले, "वाचू नको." आणि चुन्याचं घमेलं घेऊन आले.

घरात नरेशने खोकं फोडलं. आतून पांढरी पेटी निघाली, काचेसारखं तोंड आणि खाली तोटी.

"हे काय होय?" मालकांनी विचारलं. ते उंबऱ्याशी उभेच होते.

"पाणी शुद्ध करायची मशीन, मामाजी."

"बाळंतविड्यात मशीन?" मी म्हटलं. "पाळना आनतात वो व्याही."

"पाळना तिचा मामा घेऊन येते उद्या," हरिदासजी म्हणाले. "हे माह्याकडून."

"शुद्ध करते म्हंजे काय करते?" मालक.

"पाण्यातलं जड सगळं काढून टाकते," प्रणिता म्हणाली.

"जड काढल्यावर राह्यलं काय? पान्याची ताकद तं तेच आहे. आमच्या विहिरीचं पानी जड आहे, म्हनून अंगी लागते. हे मशीनचं पानी म्हंजे मलई काढलेलं दूध."

"बाबा, मलई काढलेलंच दूध आता मोठे लोक पेतात," नरेश म्हणाला.

"तू मधात बोलू नको."

हरिदासजींनी पिशवीतून नळ्या काढल्या आणि मालकांना समोर धरून दाखवल्या. "पाहा, इकडून तुमच्या विहिरीचं पानी आत जाते. इकडून चांगलं निघते. अन् ह्या नळीतून बाकीचं बाहेर."

"बाकीचं किती?"

हरिदासजींनी नळी खाली ठेवली. "चांगलं निघते त्याच्याहून जास्तच."

"अर्ध्याच्या वर पानी फेकून देते? माह्या विहिरीचं?"

"फेकाचं कायले? भांडे घासाचे त्यानं."

"अन् लाइन गेली तं? इथं दिवसभर लाइन नसते. लेकरू तहानेलं अन् मशीन बंद."

"आत टाकी आहे ना. भरून राह्यते."

तेवढ्यात प्रणिता म्हणाली, "मामाजी, उद्या यशोला पहिलं पाणी विहिरीचं पाजू नका."

मी तिच्या हातून यशोला घेतलं.

आमच्या घरात एक रीत होती. मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आमच्याच घरात. लेकरू सहा महिन्यांचं झालं की उष्टावणाच्या दिवशी मालक त्याला विहिरीवर नेत, ताजं पाणी ओढत आणि चांदीच्या चमच्याने त्याला पहिलं पाणी पाजत. खीर त्यानंतर. शशिकलाला असंच पाजलं, नरेशला पाजलं, दिराच्या लेकरांनाही. ही रीत कुठून आली ते प्रणिताला माहीत असायचं कारण नव्हतं. नरेशलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"काहून?" मालकांनी विचारलं.

"तिच्या दातांसाठी. हाडांसाठी. तपासणीत आपल्या विहिरीत फ्लोराइड निघालं आहे. ते रोज पोटात गेलं की दात पिवळे होतात, मग तपकिरी. पुढे हाडं आखडतात."

"तपासनीवाले काहीबी लिहितात."

"मग यांचे दात?"

नरेशने ओठ मिटले. त्याचे दात गेरू फासल्यासारखे होते, लहानपणापासून. कोळशाने घासले, मिठाने घासले, काही झालं नाही. हसताना तो तोंडावर हात ठेवायचा. त्याच्या लग्नाच्या एकाही फोटोत त्याचे दात दिसत नाहीत.

"दातानं काय अडलं त्याचं?" मालक म्हणाले. "बायको भेटली ना?"

"भेटली," प्रणिता म्हणाली. "पण लग्न होईपर्यंत हा माणूस माझ्यापुढे एकदाही हसला नाही. मला वाटलं, जबरदस्तीनंच लग्न लावून देत आहेत याचं."

हरिदासजी हसले, मी हसले, नरेशही हात लावून हसला. मालक हसले नाहीत.

"सत्त्व काढलेलं पानी मी माह्या नातीले पाजनार नाही," ते म्हणाले. "वाढाचं अंग तिचं."

"मी डॉक्टरांना हेच विचारलं," प्रणिता म्हणाली. ती आता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे त्यांना वळायला लागू नये. "ते म्हणाले, तुमचे सासरे बोलतात त्यात तथ्य आहे. मशीनच्या पाण्यात चांगलंही फारसं राहत नाही. पण ते दुधातून देता येतं, तिळातून, शेवग्याच्या पाल्यातून देता येतं. कमी पडलं ते जेवणातून भरता येतं मामाजी. हाडात जाऊन बसलेलं काढता येत नाही."

"अन् मी पाजलंच तं?"

प्रणिताने माझ्याकडे पाहिलं, नरेशकडे पाहिलं. "तर मी उद्या बाबांसोबत परत जाईन. यशोला घेऊन."

ती मोठ्याने बोलली नाही. पण मान खाली घातली नाही.

मालक अंगणात गेले. हरिदासजी त्यांच्यामागे गेले. मी यशोला खांद्यावर घेऊन दारात उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"कवडूजी, म्या तुमचं पानी पेलं," हरिदासजी म्हणाले. "उद्याही पेईन. माह्या बापाले लोक वरून ओंजळीत पानी टाकत होते. कोनी आपलं पानी नाकारलं का कसं लागते, ते मले तुम्ही नका सांगू. पन माह्या पोरीनं तुमचं घर नाही नाकारलं."

मालक विहिरीकडे वळले. कठड्यावर हात ठेवून उभे राहिले.

आमच्या गावची विहीर चावडीजवळ होती. त्या विहिरीवर आम्हाला चढता येत नसे. घागरी घेऊन खाली बसायचं. वरच्या आळीतल्या कुणा बाईला दया आली तर ती वरून आमच्या घागरीत ओतायची, घागरीला तिची बादली लागणार नाही अशा बेताने. नाही आली दया तर ऊन डोक्यावर घेऊन परत यायचं. ही आमची विहीर मालकांनी स्वतः खणली. ते खाली सब्बल, म्हणजे पहार, मारायचे, मी आणि माझी जाऊ दगडमाती वर ओढायचो. पाणी लागलं तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे होते आणि वर येतच नव्हते. शेवटी दिराने शिव्या घालून वर काढलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि विहीर आटली. मालकांनी विहिरीच्या तळात बोअर मारून घेतला. खोलवरचं पाणी लागलं, आणि असं लागलं की पुढे कधी आटलं नाही. त्या उन्हाळ्यात चावडीजवळची विहीर कोरडी पडली होती. वरच्या आळीतल्या बाया आमच्या अंगणात आल्या. आधी लांब उभ्या राहिल्या. मालकांनी दोर त्यांच्या हातात दिला. "तुमच्या हातानं ओढा," म्हणाले, "आमच्या इथं वरून ओतत नाहीत." पाटलीणबाई कठड्याला टेकून पाणी प्यायल्या, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मालक त्या दिवशी जेवले नाहीत, भूकच नाही म्हणाले.

ते हे पाणी होतं.

संध्याकाळी माझी मोठी मुलगी शशिकला सासरहून आली. ती आली की घरात आवाज वाढतो. तिने मशीन पाहिलं, भावाला चिडवलं, यशोला उचलून तिचे तळपाय चावले आणि मोठमोठ्याने हसत बसली. प्रणिता माझ्याजवळ चुलीपाशी भाकरी थापत होती. ती शशिकलाकडे पाहतच राहिली.

"आई," ती हळूच म्हणाली, "ताईंचे दात किती पांढरे आहेत."

"हाव. लहानपनापासून."

"एकाच घरातले दोघं. एकच विहीर."

माझ्या हातातली काडी चुलीत तशीच राहिली. "शशी लहान होती तवा बोअर नव्हता," मी म्हटलं. "नरेश बोअर मारल्यावरचा."

आम्ही दोघी विस्तवाकडे पाहत राहिलो. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उलटली.

जेवताना मालकांनी सुनेने वाढलेलं सगळं खाल्लं. पाणी मात्र स्वतः उठून, भिंतीला धरून, अंगणात जाऊन प्यायले. प्रणिताची निळी कॅन त्यांच्या पाटाजवळच होती.

सकाळी उजाडता उजाडता मला कुंचल्याचा आवाज आला. मालक विहिरीपाशी होते. उष्टावणाला माणसं येणार म्हणून कठड्याला पुन्हा चुना देत होते. वाकता येत नव्हतं, म्हणून कुंचल्याला काठी बांधली होती. पावसाळ्याने आधीचा चुना धुतला होता आणि खालून लाल रंग उमटत होता.

"पुन्हा दिसून राह्यलं," ते म्हणाले. "चुना धरतच नाही."

मी कठड्याला टेकले. मग म्हटलं, "गुलाबले आपन कोनतं पानी पाजलं होतं?"

कुंचला थांबला.

गुलाब आमचा पहिला मुलगा. शशिकलाच्या आधीचा. त्याचं नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. आम्ही तसं ठरवलं नव्हतं, पण विहीर खणून झाल्यापासून ते नाव त्यांनी घेतलं नव्हतं आणि मीही घेतलं नव्हतं. तो भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. वैशाख होता. मी सकाळपासून चावडीच्या विहिरीखाली घागर घेऊन बसले, पण त्या दिवशी कुणी ओतलं नाही. एका घरी लग्न होतं, बायांना सवड नव्हती. मालक नाल्यावर गेले. नाला कोरडा होता. वाळूत खड्डा केला, त्यात पाणी झिरपलं, ते फडक्यातून गाळून आणलं. त्याच खड्ड्यात ढोरंही तोंड घालायची. पोर तहानेने रडत होतं. मालकांनी त्याला मांडीवर घेऊन ते पाणी पाजलं. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याला माती देऊन आले आणि मालकांनी शेजारून सब्बल मागून आणली. अंगणात रेघ मारली आणि खणायला लागले. लोकांना वाटलं, डोकं फिरलं.

"झिऱ्याचं," मालक आता म्हणाले. ते कठड्याकडे पाहत होते.

"काहून पाजलं?"

"दुसरं होतं कुठं?"

"आपल्याजवळ नव्हतं," मी म्हटलं. "सुनेजवळ आहे."

त्यांनी काठी कठड्याला लावून ठेवली.

"लेकरू घेऊन जाईन म्हनते ते काही तुमच्या रागानं म्हनत नाही," मी म्हटलं. "तुम्ही सब्बल आनली होती. तिनं मशीन आनली."

"तू कायले नाव काढलं त्याचं?" ते म्हणाले. पण रागावून नाही. सगळं अंग वळवून ते माझ्यासमोर आले. त्यांचे डोळे कोरडे होते, हनुवटी तेवढी हलत होती.

मग म्हणाले, "काय लिहिलं आहे त्या लाल अक्षरात? वाच."

चुन्याखालून जेवढं दिसत होतं तेवढं मी वाचलं. सावकाश, एकेक अक्षर लावून. "पिण्यास अयोग्य. इतर वापरास योग्य."

"इतर म्हंजे?"

"धुनं, भांडे, आंघोळ."

"अजून काही? आपल्या लोकांचं वगैरे काही?"

"काहीच नाही. एवढंच."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे विहीर बुजवा असं नाही म्हनत."

"कोनी म्हटलं बुजवा म्हनून?"

"मले वाटलं, पुन्हा आपल्याच विहिरीवर निशानी केली. ह्या लोकाईचं पानी पेऊ नका म्हनून."

"तुम्ही वरच्या आळीत जाता कुठं आता," मी म्हटलं. "पाटलाच्या बोअरवरही फुली आहे. चावडीपाशी हातपंप आहे, त्याच्यावरही आहे."

"पाटलाच्या बोअरवर?"

"हाव."

"लालच?"

"लालच. आपल्याहून मोठी."

त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. मला आधी वाटलं रडतात. मग कळलं, हसत होते. मान हलत नव्हती, नुसते खांदे हलत होते. "पाटलाच्या बोअरवर," ते पुन्हा म्हणाले आणि डोळे पुसले. "हे मले पहिले नाही सांगाचं?"

"तुम्ही वाचू तं दिलं पाहिजे."

चुन्याचं घमेलं त्यांनी पायाने बाजूला सारलं.

हरिदासजींनी रात्री जेवायच्या आधीच मशीन भिंतीला ठोकून ठेवलं होतं. वर फळीवर पाण्याचं पिंप, पिंपातून नळी. पिंपात मात्र पाणी नव्हतं. विहिरीचं पाणी मालकांना विचारल्याशिवाय ओढायचं नाही, असं त्यांनी नरेशला बजावलं होतं. प्रणिताने आपली पिशवी भरून दाराशी ठेवली होती. यशोचं झबलं, टोपडं, सगळं तिच्यात. ती मोरीपाशी उभी राहून उगाच भांडी विसळत होती.

कप्पी कुरकुरली. मालक भरलेली बादली घेऊन घरात आले. आम्ही सगळे बाजूला झालो.

"कुठं ओताचं?" त्यांनी हरिदासजींना विचारलं.

हरिदासजींनी बोटाने पिंप दाखवलं. नरेश बादली घ्यायला पुढे झाला, पण मालकांनी दिली नाही. हात वर जात होते त्यांचे, तेवढं बरं होतं. त्यांनी पाणी पिंपात ओतलं. पुन्हा गेले, पुन्हा आणलं. पिंप भरलं तेव्हा विचारलं, "लाइन आहे का?"

लाइन होती. हरिदासजींनी खटका दाबला. मशीन घरघरायला लागलं. मालकांनी गडवा तोटीखाली धरला आणि उभे राहिले. काही येईना.

"किती वेळ लावते हे?"

"दम धरा ना बाबा," शशिकला म्हणाली. "विहिरीले तुम्ही एक उन्हाळा लावला होता म्हनतात."

"तुले कोनी सांगितलं?"

"काकानं."

धार आली, अगदी बारीक. दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी त्याहून जोरात येत होतं. मालक त्या नळीकडे पाहून म्हणाले, "याच्याखाली घमेलं ठेवा. थेंब सांडू नका." मग प्रणिताकडे वळले. "ते पिशवी आत ठेव. अन् लेकराले आन विहिरीवर."

प्रणिताने हातातलं भांडं खाली ठेवलं. ओले हात तसेच लुगड्याला पुसून तिने यशोला उचललं.

विहिरीवर मोहल्ल्यातली माणसं जमली होती. यशोचा मामा पाळणा घेऊन येऊन पोचला होता. यशोला मांडीवर घेऊन पाजता येत नव्हतं. मालकांची मान खाली होत नव्हती, त्यांना तिचं तोंड दिसलं नसतं. म्हणून मी तिला उचलून त्यांच्या तोंडासमोर धरली. गडव्यातून त्यांनी चांदीच्या चमच्यात पाणी घेतलं. चमचा तिच्या ओठांना लागला. तिने तोंड वाकडं केलं, थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं. मग तिने पुन्हा तोंड उघडलं.

दुसरा चमचा तिने सगळा घेतला. तिसऱ्याला चमचाच धरून ठेवला.

गडव्यात उरलेलं पाणी मालकांनी स्वतः तोंडात घेतलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"फिकं आहे," ते म्हणाले. "पन पेऊन राह्यली."

प्रणिताने पदराने डोळे पुसले. तिने कठड्यावरचा दुसरा गडवा प्यायला उचलला, त्यात सकाळचं विहिरीचं पाणी होतं. मालकांनी तो तिच्या हातून काढून घेतला. "तू नको," ते म्हणाले. "तुले अजून लेकरं व्हाची आहेत." आणि तो हरिदासजींकडे केला. "व्याही, आपन म्हातारे. घ्या."

हरिदासजी म्हणाले, "द्या."

दुपारी जेवणं आटोपल्यावर मालकांनी नरेशला तालुक्याहून लाल रंगाचा डबा आणायला लावला. नरेश म्हणाला, उद्या आणतो. "आजच," मालक म्हणाले. संध्याकाळी त्यांनी कठड्यावरचा चुना खरवडून काढला. काठी बांधलेल्या कुंचल्याने मोठी फुली काढली, जरा वाकडी. पाटलाच्या बोअरवरच्या फुलीहून मोठी झाली का, असं मला दोनदा विचारलं. खालची अक्षरं मी लिहिली. 'योग्य'मधला ग अर्धा काढायचा राहिला होता, तो प्रणिताने नीट करून दिला.

घरातला स्वयंपाक, चहा, सगळं त्या दिवसापासून मशीनच्या पाण्यावर होऊ लागलं. डाळ लवकर शिजायला लागली, हे मी मालकांना सांगितलं नाही. पाहुण्यांना पाणी तेच देत राहिले, गडवा तोच, गुळाचा खडा तोच, फक्त आता तोटीखाली उभं राहून भरायचे. स्वतः मात्र विहिरीचंच प्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं, प्रणिताने किती वेळा सांगितलं. "माह्या हाडात बसाचं ते बसून गेलं," ते म्हणायचे.

यशो सहा वर्षांची झाली तेव्हा तिचे खालचे दोन दुधाचे दात पडले आणि पक्के आले. मालकांनी तिला कठड्यावर उभी केली, म्हणजे तोंड समोर येईल, आणि म्हणाले, "आ कर." ते दात त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. मग मला हाक मारून दाखवले. मग नरेशला. मग रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला.

त्यानंतर ते फार दिवस नव्हते. शेवटच्या दिवशी गिळवत नव्हतं, बोलणं गेलं होतं, ओठ तेवढे हलत होते. नरेश मशीनपाशी भरून ठेवलेला गडवा घेऊन आला. प्रणिता म्हणाली, "तो नको." ती अंगणात गेली. कप्पीचा आवाज आला तसे मालकांनी डोळे उघडले. तिने ताजं पाणी आणलं आणि चांदीच्या चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं.

गुलाब गेला एकोणीसशे सहासष्टच्या वैशाखात. त्याचे वडील गेले दोन हजार अकराच्या भाद्रपदात, घरीच, सुनेच्या हातचं विहिरीचं पाणी पिऊन.